काढता येईल असा जोड

डेलिया टूमी दिवसाला चार पानं दुरुस्त करायची. पाच कधीच नाही. वरच्या मजल्यावरची माणसं कितीही घाई करोत, चार म्हणजे चार. "पाचवं पान माझे हात करत नाहीत, माझा कंटाळा करतो," असं ती म्हणायची.

बॉस्टनमधल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात मी तेवीस वर्षं पेट्या आणि पुठ्ठ्याची पाकिटं बनवली. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. वर ऑर्डवे घराण्याच्या कागदांचं काम चालायचं. देश नवा होता तेव्हाचं हे घराणं. बाप, मुलगा, नातू सगळे राजकारणात, आणि घरात एकजात सगळ्यांना पत्रं लिहायचा नाद. सत्तावीस पेट्या भरून पत्रं होती. ती वाचायची, जशीच्या तशी उतरवायची, टिपा जोडायच्या आणि खंड छापायचे, हे वरच्यांचं काम. पण वाचण्याआधी कागद हातात धरता आला पाहिजे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा कागद घडीवर चिरतो, ओलीने कुजतो, शाई त्याला खाते. तो धरता येईल असा करणं हे डेलियाचं काम.

ती ब्रॉक्टनची. बाप बुटांच्या कारखान्यात तळ शिवायचा. सोळाव्या वर्षी तीही तिथेच लागली. चामड्याची कड पातळ तासायची, म्हणजे शिवण जाड होत नाही. पंधरा वर्षं तिने तेवढंच केलं. कारखाना बंद पडला तेव्हा ती ग्रंथालयात झाडलोट करायला आली. एक दिवस वरच्या कारकुनाने फाटका नकाशा चिकटपट्टीने जोडायला घेतला, तर हिने झाडू टाकून त्याचं मनगट धरलं. तळघरात तेव्हा हॉफर नावाचे म्हातारे बांधणीकार होते. त्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी दिली.

हॉफरनी तिला एकच नियम शिकवला. जोड असा लाव, की पुढच्याला तो काढता आला पाहिजे. म्हणून सरस नाही, चिकटपट्टी नाही. फक्त गव्हाची खळ. रोज सकाळी डेलिया स्टोव्हवर खळ शिजवायची, कापडातून तीनदा गाळायची, आणि संध्याकाळी उरलेली फेकून द्यायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, कायमचं चिकटवून टाक ना. एकदाची कटकट मिटेल."

"कायमचं चिकटवायची हौस गाढवाला असते, एमिल," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला विचार, तिला किती पस्तावा झालाय."

मार्चमध्ये सहाव्या खंडाची प्रुफं आली. पुढच्या सोमवारी खंड छापखान्यात जायचा होता. त्याच आठवड्यात डेलिया सुट्या पानांची पेटी आवरायला बसली. ज्यांचा जोडीदार सापडत नाही अशी पानं त्या पेटीत पडून असायची.

दुपारी मी पावाचा तुकडा आणि बीन्स खात होतो. ती एक पान हातात धरून बसली होती. डबा उघडलेला नव्हता.

"काय झालं?"

"याची कड बघ."

पानाची डावी कड फाटलेली होती. मोठा कागद मधोमध दुमडून दोन पानं करायची तेव्हाची रीत. घडी जुनी झाली की चिरते आणि दोन पानं सुटी होतात. ती चीर करवतीच्या दात्यांसारखी असते, आणि प्रत्येक चिरेचे दाते वेगळे. या कडेवर खालच्या बाजूला एक लांब दाता होता, आकड्यासारखा वळलेला. त्याच्या वर पाण्याचा अर्धगोल डाग.

डेलियाने आपली वही काढली. कागद धुवायच्या आधी ती प्रत्येक पानाचं चित्र पेन्सिलीने काढून ठेवायची, डाग, भोकं, चिरा सगळं. अकरा वर्षांपूर्वीचं एक चित्र तिने माझ्यासमोर ठेवलं. टॅमसिन ऑर्डवेचं सुनेला पत्र, पहिलं पान. उजव्या कडेला, खाली, अर्धगोल डाग.

"मी धुतलं तेव्हा डाग निघून गेला," ती म्हणाली. "चांगलं धुतलं ना! त्या दिवशी तीन पानं टेबलावर होती, धुतली दोनच. एकच अक्षर, एकच कागद. पहिल्या पानाला मी भलत्याच पत्राचं दुसरं पान जोडलं. आणि त्याचं खरं दुसरं पान हे. अकरा वर्षं या पेटीत."

मी प्रुफातलं ते पत्र वाचलं होतं. वर सगळ्यांना ते पाठ होतं. टॅमसिन म्हणजे घराण्याची आई. मुलगा दूरच्या गावी तापाने पडलेला, सून पत्र पाठवते. ही उत्तर लिहिते: "तुझं पत्र दोनदा वाचलं. आता माझं ऐक." तिथे पहिलं पान संपतं. पुढचं पान सुरू होतं: "मी येणार नाही. गवत कापायचं आहे आणि दोन गडी सोडून गेलेत. माझ्या येण्याने तिथे काही बदलणार नाही." खंडाचे संपादक डॉ. व्हिटकम यांनी या ओळींवर प्रस्तावनेची नऊ पानं लिहिली होती. देशासाठी पोलाद झालेली आई, वगैरे.

"आणि या पानावर काय आहे?" मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "मी निघाले आहे. गाडी जुंपायला सांगितली. नदीला उतार मिळाला तर शुक्रवारी पोचेन. त्याला थंड पाणी देत राहा आणि वैद्याला रक्त काढू देऊ नकोस."

मी चमचा खाली ठेवला.

"डेलिया, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

व्हिटकम वाईट माणूस नव्हता. पण सात वर्षं त्या खंडात गेलेली. तो तिच्यामागून खाली आला, वही पाहिली, पान पाहिलं.

"मिस टूमी, पेन्सिलीचं चित्र हा पुरावा नाही. असे डाग शंभर कागदांवर असतात."

"दाते शंभर कागदांवर नसतात."

"तुमची तेव्हा चूक झाली म्हणता. मग आत्ता होत नाही कशावरून?"

"म्हणूनच तर सांगते, माझ्या शब्दावर जाऊ नका. पहिल्या पानाचे दाते माझ्या जोडाखाली आहेत. मी जोड काढते. तुम्ही डोळ्यांनी बघा."

"ओल लागून ते पान विरलं तर?"

"तर माझ्या हातून ऑर्डव्यांचा कागद गेला. मी सोमवारी येणार नाही, आणि तुम्ही बोलावूही नका."

व्हिटकमने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचा कोपरा घासत राहिलो.

"मूळ कागद आहे तो. एका टिपेसाठी मी हे करू?"

"टिपेसाठी नाही, डॉक्टरसाहेब. ती बाई मुलाकडे गेली की नाही, एवढ्यासाठी. तुम्ही छापलंत की पुढची दोनशे वर्षं ती गेली नाही. तिला येऊन सांगता यायचं नाही."

त्याने वही मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "शनिवार दुपारपर्यंत. नंतर मी थांबणार नाही."

गुरुवारी सकाळी ती लागली. वीतभर लांब कडेवर तिने अकरा वर्षांपूर्वी पातळ जपानी कागदाची पट्टी लावली होती, बोटाला लागणार नाही इतकी सपाट. तिचं सगळ्यात चांगलं काम. आता तेच काढायचं. ओला टीपकागद दोऱ्याइतका बारीक कापायचा, पट्टीवर ठेवायचा, खळ मऊ होईपर्यंत थांबायचं. जास्त थांबलं तर ओल शाईत उतरते. कमी थांबलं तर खालचा कागद सोलून येतो. मग बोथट पात्याने नखभर उचलायचं, कोरड्या टीपकागदाने दाबायचं, पुढे सरकायचं. पहिल्या दिवशी चार बोटं निघालं. शुक्रवारी तिने माशाचं कालवण माझ्याकडे सरकवलं, स्वतः फक्त चहा घेतला. दुपारी एका ठिकाणी शाईने कागद आधीच खाल्लेला होता. तिथे पातं अडकलं. ती हलली नाही. पातं तसंच धरून राहिली. घड्याळ बघून मी सांगतो, बावीस मिनिटं. मग खळ सुटली.

"हात दुखले?" मी विचारलं.

"उद्या विचार."

शनिवारी साडेअकराला शेवटचा तुकडा निघाला. व्हिटकम आधीच येऊन उभा होता, कोट अंगात. डेलियाने काळं कापड पसरलं, त्यावर पहिलं पान ठेवलं. उजव्या कडेवर दाते उघडे पडले होते. खाली एक खाच होती. तिने पेटीतलं पान दोन्ही हातांनी आणलं आणि बोटाच्या टोकाने हळूहळू जवळ सरकवलं. आकडा खाचेत गेला. वरपासून खालपर्यंत कुठेही काळं कापड दिसेना.

वरच्या मजल्यावर प्रत्येक मजकूर मूळ कागदाशी ताडताना मोठ्याने वाचायची पद्धत होती. व्हिटकमने सवयीने तसंच वाचलं. "तुझं पत्र दोनदा वाचलं. आता माझं ऐक. मी निघाले आहे." आणि तो थांबला.

मग म्हणाला, "नऊ पानं गेली माझी."

"छापली नव्हती, हे नशीब," डेलिया म्हणाली. "ती पोचली का?"

"पुढच्या महिन्यात सुनेचं बहिणीला पत्र आहे. 'आई होत्या म्हणून निभावलं' असं एक वाक्य. आम्हाला वाटत होतं, तिची स्वतःची आई." त्याने चष्मा काढला. "मुलगा वाचला नाही. पण ही पोचली होती."

खंड दीड महिना उशिरा निघाला. त्याआधी व्हिटकम तळटीप घेऊन खाली आला. तिच्यात लिहिलं होतं, पूर्वीच्या हाताळणीत पान बदललं गेलं होतं.

"कोणाच्या हाताळणीत?" डेलियाने विचारलं.

"त्याने काय फरक पडतो? उगाच तुमचं नाव कशाला?"

"तुमच्या टिपांत त्यांच्या घोड्याला नाल ठोकणाऱ्याचंही नाव असतं. कधी जन्मला, कधी मेला, सगळं. मग माझंच का नको?"

"मिस टूमी, दुरुस्तीबद्दल कोणाचंच नाव आम्ही छापत नाही. छापायचं ते चुकीबद्दल?"

"चूक कोणाच्या हातची हे कळलं, तर त्या हाताची बाकीची पानं पुढचा माणूस तपासेल. तपासायलाच हवीत."

तसंच छापलं गेलं. ती निवृत्त होईपर्यंत अकरा खंड निघाले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त पानांवरून तिचा हात फिरला होता. पण तिचं नाव फक्त सहाव्या खंडात आहे, तीनशे बाराव्या पानाच्या तळाशी. सूचीतही आहे, टॅमसिन ऑर्डवेच्या बरंच खाली.

खंड आला त्या सकाळी मी तो तिच्यासमोर ठेवला. तिने तीनशे बारावं पान काढलं, टीप वाचली, आणि मग अंगठा पानाच्या आतल्या घडीत दाबून पाहिला.

"बांधणी फार घट्ट आहे," ती म्हणाली. "पान पुरतं उघडत नाही."

मग तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि खळ गाळायला घेतली. त्या दिवशीही चार पानं झाली.