पेट्रोलच्या झाकणावरचं सील

आता हे सांगावं की झाकावं, तेच कळत नाही. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा सांगतो. सतरा वर्षं फौजेत अवजड गाड्या हाकल्या मी, हवालदार होऊन घरी आलो, आणि एका बारक्या मोटारीनं माझी अशी जिरवली की विचारू नका!

गाडी घेतली ती रफिकच्या शब्दावर. रफिक म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात गाड्यांच्या सीटा शिवतो. मी डिझेलवर अडून बसलो होतो.

"आरं गड्या, कवाच्या काळात हाईस?" तो म्हणाला. "टर्बो पेट्रोल घे. इंजन बारकं, पेट्रोल थेट सिलेंडरमधी फवारतंय, वरनं टर्बो हवा कोंबतोय. लागंल तवा ताकद, न्हाईतर गुमान थोडक्यात भागवतंय."

"आनि आवरेज?"

"सतरा-अठरा कुटं जात न्हाई. माझा शबूद!"

घेतली. आणि पाटणच्या बाजूचे चढ काय चढते हो! पाय ठेवायचा अवकाश, उसाच्या ट्रॉल्या मागं. मी खूश. पण समोरच्या स्क्रीनवर आवरेज किती? आठ! फौजेच्या ट्रकनंही मान खाली घालावी, असा आकडा.

आमची गल्ली अरुंद. त्यामुळं गाडी उभी असायची रफिकच्या घरामागच्या आवारात. तो दिवसभर दुकानात. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पेट्रोल जातंय कुठं?

बायकोला बोललो, तर ती भडकलीच. सुमन तशी शांत, पण त्या दिवशी लाटणं खाली ठेवून बोलली. "आवं, जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा! तुमी तिकडं सीमेवर असताना मला दवाखान्यात कुनी नेलं हुतं? रफिकभावजींनीच न्हवं?"

खरं होतं. पण फौजी माणसाला एकदा संशय आला की बंदोबस्त केल्याशिवाय झोप लागते का? मी पेट्रोलच्या झाकणावर पांढरी कागदी चिकटपट्टी लावली आणि स्टोअरातल्या खोक्यांवर करायचो तशी ठसठशीत सही ठोकली. 'सीलबंद. हवालदार सर्जेराव.'

चार दिवसांनी सील जसंच्या तसं आणि आवरेज साडेसात! म्हणजे चोर सीलसुद्धा न फोडता चोरतोय! केवढा सराईत, बघा.

पाचव्या दिवशी रफिकनं पट्टी बघितली.

"ही कशापायी रं?"

"ती व्हय... धूळ जाती आत."

"धुळीला सही वाचाया येती?"

बस्स. एवढंच बोलला आणि आत गेला. त्यानंतर दोन आठवडे चहाला हाक नाही, काही नाही. खरं सांगतो, त्या दोन आठवड्यांत चहा गोड लागला नाही मला. तीस वर्षांची दोस्ती एका चिकटपट्टीवर आलेली. पण आधी वाकायचं कुणी?

वाकली सुमन. रविवारी म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जायचं होतं. तिनं परस्पर जाऊन रफिकला आणलं. तो माझ्या शेजारी बसला, स्क्रीनवरचा आवरेजचा आकडा शून्यावर आणला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "सील तसंच ऱ्हाऊ दे. आज चोर धरूया."

रस्ता मोकळा, गाडी झक्कास. आकडा चढत चढत अठराच्या वर गेला. मीच चाट पडलो! विट्यात चहाला थांबलो. गाडी सावलीत लावली. रफिकनं एक पाय बाहेर ठेवला आणि तसाच थांबला.

"बंद कर की."

"इतक्यात? टर्बो तापलेला असतोय. दहा मिन्टं चालू ठेवून थंड करायचा, मग बंद. फौजेचा नेम हाय. आनि निघायच्या आदी दहा मिन्टं गरम."

"रोज?"

"रोज म्हंजे रोज!"

"आनि रोज जातोस कुटं?"

"कराडच्या मंडईत."

"तीन किलोमीटर!" रफिकनं कपाळावर हात मारला. "तीन किलोमीटरला ईस मिन्टं हुबी गाडी जाळतोस? तेबी एसी लावून? आरं, हा काय फौजेचा ट्रक हाय? ह्येला अर्धं मिनिट लय झालं!"

मग त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. अठरा पॉइंट तीन. बोलता बोलता अठरा पॉइंट दोन.

"हुबी गाडी, आनि आकडा उतरतोय. बघ. अजून एक सांगू? टाकीतनं कुनी चोरलं असतं, तर ह्यो आकडा हाललाच नसता. ह्यो फकस्त इंजनानं जाळलेलं मोजतोय."

मागच्या सीटवरून सुमनचं हसू ऐकू येत होतं.

"आनि आमची घरवाली म्हनती," रफिक म्हणाला, "सर्जेरावभावजी रिटायर झाल्यापास्नं लय देवभोळं झाल्यात. रोज गाडीत डोळं मिटून दहा मिन्टं जप करत्यात!"

मी इंजन बंद केलं.

"रफिक, चुकलो गड्या."

तो खाली उतरला, झाकणावरची पट्टी नखानं अलगद सोडवली आणि माझ्या छातीवर, डाव्या खिशावर, पदक लावतात तिथं चिकटवली. वर सलाम ठोकला. "हवालदारसाहेब, चोर धरल्याबद्दल! घरला जाईस्तवर काढायची न्हाई." आणि खो खो हसत चहा सांगायला गेला. तीन कप सांगितले, हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

दोस्ताचा हुकूम, मग काढतो कशी? म्हसवडला दर्शनाच्या रांगेत पट्टी मिरवत उभा होतो. पुढच्या म्हाताऱ्यानं मागं वळून चष्मा सावरला, अक्षर अन् अक्षर वाचलं आणि विचारलं, "काय रं बाबा, काय सीलबंद ठेवलंईस खिशात?"

मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणाली, "खिशात न्हाई वो आजोबा, डोस्क्यात हाय. आजच सील फुटलंय."

आणि बोलणार काय? खाली सही माझीच होती.