माठाखालचं रजिस्टर

मी देवीशी भांडले, हे आधीच सांगते. पुढं गोड वाटेल असं काहीतरी लिहून ते झाकायचं नाही मला. झाकण्याचा कंटाळा आला, तिथूनच हा अनुभव सुरू होतो.

मी सातवीपर्यंत शिकले. माझं गाव मराठवाड्यात. लग्न होऊन भाईंदरला आले ती इंद्रलोक वस्तीत, सासूबाईंच्या घरी. मिस्टर कॅनडात एका बेकरीत कामाला आहेत. लग्नापुरती सुट्टी काढून आले आणि परत गेले; मला मागाहून न्यायचं ठरलं. मला वाटायचं, तिकीट काढलं की माणूस जातो. मग कळलं, आपल्याच नवऱ्याकडे जायचं तर तो खरंच आपला नवरा आहे हे परक्या सरकारला पटवावं लागतं. लग्नाचा दाखला, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो, पोलिसांचा दाखला, आणि आम्ही दोघं फोनवर एकमेकांना काय लिहितो त्याची छापलेली पानं. सिल्व्हर पार्कमध्ये ज्यांचं ऑफिस आहे ते एजंटभाई ती पानं चाळून हसले. म्हणाले, "बेन, इसमें तो बस खाना ही खाना है." खरंच होतं ते. प्रत्येक पानावर 'जेवलास का', 'हो, तू?', 'काय केलंस?' मला लाज वाटली, आणि लगेच रागही आला. लांब राहणारी नवरा-बायको दुसरं काय विचारणार? ती पानं तशीच लावा म्हटलं.

नंतर तब्येतीचा फॉर्म आला. एजंटभाई मला न विचारताच खुणा करत चालले होते. ऑपरेशन, नो. शुगर, नो. टीबी, नो. माझा हात आपोआप पुढं झाला आणि मी त्यांचं पेन धरलं. ते बघतच राहिले. मी म्हटलं, "हे राहू द्या. उद्या येते."

मी बारा वर्षांची असताना मला टीबी झाला होता. शाळा सुटली ती त्यातच. मास्तरांनी घरी बसवलं, बरी झाल्यावर पुन्हा ये म्हणाले, आणि मग कुणी पाठवलंच नाही. गावातल्या आरोग्य केंद्रात रोज जाऊन नर्सबाईंच्या समोर गोळ्या गिळायच्या, आणि एका कार्डावर खूण व्हायची. माझ्या मायनं कुलदेवीला नवस केला होता. गोळ्या संपल्या तेव्हा नवरात्र चालू होतं. दसऱ्याला घट उठला तेव्हा मायनं घटाची माती, त्यात उगवलेलं धान आणि माझं ते कार्ड एकाच परडीत ठेवलं आणि नदीला सोडलं. मला म्हणाली, आजार देवीनं घेतला, आता त्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की दिलेलं परत मागितल्यासारखं होतं.

मी मायला दोष देत नाही. पोरीच्या छातीचा आजार कळला तर स्थळ येत नाही, हे तिला आधी सुचलं की देवी आधी सुचली, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. लग्न ठरताना यांच्याकडून कुणी विचारलं नाही आणि आमच्याकडून कुणी सांगितलं नाही. पण मी मात्र ते खरंच मानलं होतं. साधा खोकला आला तरी तोंडात पदर कोंबून मनात म्हणायचे, नाव नाही काढलं गं आई, नाव नाही काढलं.

त्या रात्री मिस्टरांना फोनवर सगळं सांगितलं. आधी त्यांनी विचारलं, आता बरी आहेस ना. मग म्हणाले, एजंट करतोय तसं करू दे ना, हजार लोक करतात. ते वाईट माणूस नाहीत. घाबरले होते. मीही घाबरले होते. 'हो' लिहिलं आणि तिकडच्या सरकारनं दार बंद केलं तर? 'नाही' लिहिलं आणि पकडले गेले तर? आणि 'हो' लिहिलं म्हणून देवीनं आजार परत माझ्या अंगावर टाकला तर? खरं सांगते, सगळ्यात मोठी भीती तीच होती.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हर पार्कला न जाता मी स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेले आणि डोंगरी गावाकडची बस धरली. त्या वाटेवर देवीचं देऊळ आहे. आमची कुलदेवी नव्हे, पण बहिणी बहिणीच म्हणायच्या. गर्दी नव्हती. ओटीचं काही नेलं नव्हतं. नुसती उभी राहिले आणि मनात जे आलं ते बोलले. म्हटलं, तू आजार घेतलास, उपकार झाले, पण तोंडही घेतलंस का माझं? पंधरा वर्षं मी तुझ्या भीतीनं गप्प बसले. आता नवऱ्याकडे जायचं तर तुझ्यासाठी खोटं लिहू? तुला खोटं लागत असेल तर तसं सांग, मग मी तुझ्या पायरीवर पुन्हा येणार नाही. असं देवीला कुणी बोलतं का? मी बोलले. आणि बाहेर येऊन बसथांब्यावर रडत बसले.

तिथं एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसली होती. गळ्यात क्रूस, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं. डोंगरीचीच असावी. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, देवीनं न्हाय आयकलं?"

मी परक्या माणसाशी अशी बोलत नाही. त्या दिवशी कशी बोलले ठाऊक नाही. फॉर्मपासून ते मायनं कार्ड नदीला सोडलं इथपर्यंत सगळं सांगितलं, फक्त आजाराचं नाव घेतलं नाही, 'तो छातीचा' म्हटलं. तर ती रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टीबी? मला पन झालेला टीबी. सहा म्हयने गोल्या खाल्ल्या. आता बघ, ही पाटी मीच उचलते."

थांब्यावर आणखी चार माणसं होती. एकानं मान वळवली, बाकीच्यांनी तीही नाही. आभाळ कोसळलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द कुणाच्या तोंडून इतका सरळ ऐकला, जसं कुणी म्हणावं की मला ताप आला होता.

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. "रोग देवीनं घेतला, बरोबर हाय. पन कागद कशाला घेल ती? तिला वाचाया लागत न्हाय. कागद मानसांचा, तो मानसांकडंच मागायचा. कार्ड तुजं गेलं. गोली देनाऱ्यानं रजिस्टर लिवलं असंल का न्हाय?" बस आली तेव्हा पाटीवर हात आपटून म्हणाली, जा, माझ्या सायबिणीला, चर्चमधल्या माउलीला, सांगते तुझं.

हे मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं. शिकलेली असते तर सुचलं असतं कदाचित. पण शिकलेल्या एजंटालाही सुचलं नव्हतं.

मी बसमधून उतरले ती तडक सिल्व्हर पार्कला गेले आणि टीबीच्या पुढं 'हो' करायला लावलं. एजंटभाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाले, फाइल लटकली तर माझ्याकडे येऊ नका. मी म्हटलं, नाही येणार.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "बोलणी चालू होती तेव्हा तोंड नव्हतं का तुला?"

"तोंड होतं, आई. उघडायची परवानगी नव्हती."

"आणि आता कोणी दिली?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली. त्या रात्री माझा पाण्याचा ग्लास बाकीच्यांपासून वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला दिसला. मी काही बोलले नाही. सकाळी उचलून परत मांडणीत ठेवला. दुपारी तो पुन्हा कट्ट्यावर. मी पुन्हा मांडणीत. चार दिवस आमचं बोलणं एवढंच. पाचव्या दिवशी तो मांडणीतून हलला नाही. मिस्टरांनाही कळवलं, की 'हो' लिहिलंय. त्यांनी उत्तर लिहिलं, बरं. आणि खाली, जेवलीस का?

तपासणीच्या ठिकाणी छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर मला दाखवलं, वरच्या कोपऱ्यात लहानसा पांढरा डाग. जुन्या जखमेची खूण, म्हणाल्या. तुम्ही आधीच लिहिलंय ते बरं केलंत, हे फोटोत लपत नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. 'नाही' लिहिलं असतं तर त्याच खुर्चीत मी खोटारडी ठरले असते, एका पांढऱ्या डागापुढं. त्यांनी सांगितलं की तीन सकाळी थुंकी तपासायला द्यायची, त्यातून काही उगवतं का ते बघायला दोन महिने लागतील, आणि जुन्या उपचारांचा काही कागद मिळाला तर आणा.

भावाला गावी फोन केला. तो दोनदा आरोग्य केंद्रात जाऊन आला. क्लार्क म्हणाला, इतकं जुनं काही नाही, सगळं गेलं. भाऊ निघाला, तहान लागली म्हणून कोपऱ्यातल्या माठाकडे गेला. माठ बुटका पडत होता म्हणून खाली तीन जाडी रजिस्टरं रचली होती. ती बघून भावानं माठ उचलून बाजूला ठेवला. सगळ्यात वरचं पाण्यानं कुजून लगदा झालं होतं. सगळ्यात खालचं वाळवीनं खाल्लं होतं. मधल्यात माझं नाव होतं. वय बारा, गोळ्यांचे महिने, आणि शेवटी लाल शाईत 'उपचार पूर्ण'. क्लार्कनं मान खाली घालून साहेबांची सही आणि शिक्का असलेली नक्कल करून दिली.

याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. माठ तिथं होता, तहान लागली, मधलं रजिस्टर शाबूत होतं. भावानं फोटो पाठवला तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि फोन कपाळाला लावला.

त्या भाजीवाल्या मावशीला सांगायला मी पुन्हा बसथांब्यावर गेले. ती होती. तिला मी आठवले नाही. सगळं परत सांगितलं, तर म्हणाली, असंल, मी खूप बडबडते. आणि माझ्या गळ्यात मुळ्याच्या दोन जुड्या मारल्या. मी हसत घेतल्या.

थुंकी द्यायच्या पहिल्या सकाळी उपाशीपोटी जायचं होतं. निघाले तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या, हातात चहाचा थर्मास. म्हणाल्या, झाल्यावर लगेच पिशील. तिन्ही दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी परत येताना लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. सून अजून इथंच, काही प्रॉब्लेम झाला का, असं त्यांनी गोड आवाजात विचारलं. मी पायाकडे बघायला लागले. ती सवय इतक्यात जाणार नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "हिला लहानपणी टीबी झालेला. बरी झाली. तपासणी चाललीय. तुमच्याकडे कोणाला झालेला का?"

लिफ्ट दोन मजले चढली. काकू हळूच म्हणाल्या, "माझ्या दिरांना." आणि आपल्या मजल्यावर उतरताना माझ्या खांद्याला हात लावून गेल्या.

ते दोन महिने मी नवस केला नाही. मायनं फोनवर खूप सांगितलं, साडी बोल, चांदीचे डोळे बोल. मी म्हटलं, माय, देवाणघेवाण नको आता. तुझ्या नवसाला मी नावं ठेवत नाही, मी जगले त्यावर. पण मला या वेळी काही लपवून तिच्याकडे जायचं नाही आणि काही कबूल करूनही जायचं नाही. जे खरं आहे ते फॉर्मवर लिहिलंय, तेच तिला सांगितलंय. आता उगवेल ते उगवेल. मायला ते पटलं नाही. तिनं तिचा उपास धरलाच असणार.

काही उगवलं नाही. थुंकी स्वच्छ निघाली, तब्येतीचा शेरा चांगला आला, आणि काही आठवड्यांनी पासपोर्ट मागवणारं पत्र आलं. एजंटभाईंनी स्वतः फोन केला, आणि आता दुसऱ्या बेनना तुमचं उदाहरण देतो म्हणाले. द्या म्हटलं, पण आधी विचारत जा, मग खुणा करा.

परवा देवळात जाऊन आले. मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे मान खाली घालून गप्प बसायचं. मी पंधरा वर्षं तसं बसले आणि त्यात शरण जाणं कमी आणि भीती जास्त होती. त्या दिवशी मी ओरडले, रुसले, पुन्हा येणार नाही म्हणाले, आणि तरीही तिनं मला धुडकावलं नाही. माणूस खरं बोलून हात मोकळे सोडतो, तेव्हाच बहुतेक दुसऱ्याला ते धरता येतात. यापेक्षा जास्त मला समजत नाही. मी ओटी भरली. पुजाऱ्यांनी विचारलं, कसला नवस फेडताय? मी म्हटलं, नवस नाही, निरोप घ्यायला आलेय.

मग मायला फोन लावला आणि तिथंच पायरीवर बसून, आजूबाजूला माणसं असताना, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "माय, मला टीबी झाला होता आणि तू मला बरं केलंस." पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हां. झाला होता." तिच्या तोंडून तो शब्द आला नाही, पण 'हां' आलं. मी देवीकडे वळून हात जोडले.