गणिताच्या सरांची रिकामी जागा

आमचे गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांना घराजवळच्या शाळेत नोकरी लागली होती. त्यांच्यावर माझा राग नाही. माणूस आपल्या घराजवळ जाणारच. माझा राग आहे तो त्यानंतर जे झालं त्यावर, आणि इतकी वर्षं होऊनही तो कमी झालेला नाही.

भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. इमर्जन्सी उठून दोनतीन वर्षं झाली होती. गावातलं हायस्कूल म्हणजे कौलांच्या चार खोल्या आणि समोर एक कडुलिंब. दहावीत आम्ही वीस जणही नव्हतो. मुली चौघीच. बहुतेक मुलं धानाची शेती करणाऱ्यांची. रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. माझ्या बाबूजींचं किराणा दुकान होतं. माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण ढिवर मोहल्ल्यातली. तिचे वडील आणि काका गावच्या तलावात जाळी टाकायचे. ती वर्गात पहिली यायची, आणि तेही इतकं सवयीचं झालं होतं की कोणाला त्याचं काही वाटत नसे.

दिवाळीनंतर गणिताच्या तासाला हेडमास्तर दारातून डोकावायचे आणि म्हणायचे, "वाचत बसा." आम्ही वाचत बसायचो. काय वाचायचं? गणित वाचून येत असतं तर आणखी काय हवं होतं! दोनदा आम्ही सगळे त्यांच्या खोलीत गेलो. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "सर येऊन राहिले, येऊन राहिले."

सर का येत नाहीत ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावच्या राईस मिलचे मालक. त्यांचा मुलगा नागपूरच्या शाळेत शिकायचा आणि भाचा तिथंच बी.एड. करत होता. त्याचं बी.एड. होईपर्यंत ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी. फरक एवढाच की या रुमालाखाली आमचं दहावीचं वर्ष होतं.

मग मैत्रिणीनंच खडू हातात घेतला. गणिताच्या तासाला ती फळ्याजवळ उभी राहायची आणि पुस्तकातलं उदाहरण मोठ्यानं वाचत, अडखळत सोडवायची. मागच्या बाकावरची मोठी मुलं आधी हसली, मग वह्या काढून बसली. बीजगणित तिनं बरंच पुढे नेलं. भूमितीत ती अडली. एक दिवस तिनं खडू ठेवून दिला आणि म्हणाली, "इथून पुढं माह्या डोक्यात नाई जात. कोनीतरी सांगाले पायजे."

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. शेतांतून लाखोळीची निळी फुलं आली होती. शाळेसमोर मांडव घातला होता. मुलं पुढे सतरंजीवर बसली आणि आम्हा चौघींना चहाच्या कपबशा विसळायला मागे पाठवलं. निरोप आमचाही होता, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. अध्यक्षसाहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही धानाच्या मुलखातली लेकरं. सगळेच साहेब झाले तर रोवणा कोण लावणार? पास-नापास हे नशिबाचे खेळ. नापास झालात तरी धरतीमाता तुम्हाला उपाशी ठेवणार नाही." हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला.

"साहेब, मले एक इचाराचं हाये."

मैत्रीण ओल्या हातांनीच पुढे गेली होती. अध्यक्ष हसून म्हणाले, "विचार ना बेटा."

"गनिताचे सर केव्हा येतीन?"

हेडमास्तर उठून म्हणाले, "हे विचारायची ही वेळ नाही. खाली बस."

ती बसली नाही. "तुमचा बेटा नागपूरले शिकते साहेब. त्याच्या शाळेत गनिताचे सर हायेत का? का तिथंबी नशीबच शिकवते?"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. ते चहा न घेता निघून गेले. त्या वेळी मला भीती वाटली नाही. इतका आनंद झाला होता की माझ्या हातातली बशी निसटून फुटली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तिला बोलावलं. वडिलांना घेऊन अध्यक्षांच्या घरी जा आणि माफी माग, नाहीतर परीक्षेचं प्रवेशपत्र मिळणार नाही, असं सांगितलं. ती वर्गात आली, आम्हाला एवढंच सांगून पुस्तक उघडून बसली.

वर्गातला सगळ्यात आडदांड मुलगा, जो घरी नांगर धरायचा आणि शाळेत फार बोलायचा नाही, तो उठला. म्हणाला, "हिले नाई, तं मलेबी नोको." एकेक करून सगळे तेच म्हणाले. प्रवेशपत्रं वाटायच्या दिवशी हेडमास्तर नावं वाचत गेले आणि आमच्यातलं कोणीही जागचं हललं नाही. शाळेतल्या माझ्या सगळ्या दिवसांतला तो सर्वांत चांगला दिवस. ती एकजूट तेवढा एकच दिवस टिकली.

संध्याकाळपर्यंत घराघरांत अध्यक्षांचे निरोप पोचले होते. बाबूजी दुकान बंद करून आत आले. ते कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. म्हणाले, "बेटा, या गावात राहून त्यांच्याशी वैर नाही करता येत." काही मुलांनी मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी एकाचा गाल सुजलेला होता. पण खरा घाव ढिवर मोहल्ल्यावर होता. तलावाचा ठेका कोणाला द्यायचा ते अध्यक्षांच्या शब्दावर ठरायचं. पुढच्या सालापासून तलाव बाहेरच्या लोकांना देऊ, असा निरोप मोहल्ल्यात गेला. एकट्या तिच्या वडिलांनाच नव्हे, सगळ्यांना. त्या दहाबारा घरांची चूल एका पोरीच्या प्रश्नावर आणून ठेवली.

मग ती वडिलांबरोबर गेली. आम्ही वर्गातले बरेच जण मागोमाग गेलो आणि फाटकाशी उभे राहिलो. अध्यक्ष ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. तिचे वडील अंगणात उन्हात उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

"पोरीला बोलायचं वळण लावलं नाही का रे?" अध्यक्ष म्हणाले. ते तिच्या वडिलांहून वयानं लहान होते.

वडिलांनी हात जोडले आणि वाकायला लागले. तिनं त्यांचा दंड धरून त्यांना सरळ केलं.

"बा, तू नोको वाकू. बोलली मी." मग ओसरीकडे तोंड करून ती म्हणाली, "चुकलं माहं साहेब. सर मागाले नव्हते पायजे."

त्यांना ते बोचलं की नाही, मला कळलं नाही. ते म्हणाले, "जा. अभ्यास कर." जणू प्रसादच दिला.

परत येताना ती रडली नाही. तिचे वडील रडत होते.

प्रवेशपत्रं सगळ्यांना मिळाली आणि परीक्षेला आम्ही तुमसरला गेलो. गणिताच्या पेपरला तो नांगर धरणारा मुलगा माझ्या पुढच्या बाकावर होता. त्यानं प्रश्नपत्रिका वाचली, उलटली, पुन्हा वाचली आणि पेनचं टोपण लावून ठेवलं. वेळ संपेपर्यंत तो मान खाली घालून बसला होता. तो पाठमोरा असूनही त्याचे खांदे हलताना मला दिसत होते. मला येत होतं ते मी लिहिलं. शेवटचे धडे कोणालाच येत नव्हते, कारण ते कोणी शिकवलेच नव्हते.

जूनमध्ये निकाल लागला. आम्ही तिघं पास झालो: मैत्रीण, मी आणि एक शिक्षकाचा मुलगा, त्याला वडील घरी शिकवायचे. बाकी सगळे गणितात गेले. अध्यक्ष चौकात म्हणाले, "आजकालच्या पोरांना मेहनत नको." आणि त्याच जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, त्यांचा भाचा नवीन शर्ट घालून गणिताचा शिक्षक म्हणून हजर झाला.

मैत्रिणीला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं. तुमसरच्या कॉलेजात तिनं एक वर्ष काढलं, मग भंडाऱ्याला नर्सिंगला जागा मिळाली तेव्हा घरच्यांनी तिकडे धाडलं. तिनं लाखांदूरकडच्या गावांत नोकरी केली, कित्येक बाळंतपणं केली, नाव कमावलं. बाकीच्यांपैकी दोघंतिघं ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि पुन्हा पडले. कोणी त्याच राईस मिलमध्ये हमाल झाला. कोणी शेतावर गेला.

तो नांगर धरणारा मुलगा काही वर्षांनी मला सिहोऱ्याच्या बसस्टॉपवर भेटला. बोलता बोलता सहज म्हणाला, "आपलं डोस्कंच नव्हतं गनितात." मी त्याच्यावर ओरडलेच, भर स्टॉपवर. म्हटलं, "डोस्कं होतं रे, सर नव्हते!" तो ओशाळून हसला आणि माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली. त्याला माझं म्हणणं पटलं नाही. आपण ढ आहोत हे त्याला केव्हाच पटवून झालं होतं. अध्यक्षांनी वर्ष घेतलं ते घेतलंच, वर हेही केलं.

माझा धाकटा भाऊ त्या भाच्याच्याच हाताखाली शिकला. गणितात चांगले मार्क मिळवले, पुढे इंजिनिअर झाला. अजून सर भेटले की त्यांच्या पाया पडतो. त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला मला आग्रह करायला आला. "ताई, सर खरंच चांगलं शिकवायचे," म्हणाला.

शिकवत असतील. मला ठाऊक आहे की शिकवायचे. त्यांच्यानंतरचे वर्ग पास झाले. आमच्या वर्षी कोणीही चाललं असतं, कसंही शिकवणारा, फक्त दारातून आत येणारा. भावाला मी म्हटलं, तू जा. मी त्या दिवशी घरीच राहिले.