उतरले किती, निघाले किती

आमच्या धंद्यात किस्से दुपारी चारनंतर तयार होतात. त्याच्या आधी नुसती धडधड असते. जेवढे पाण्यात उतरले तेवढेच बाहेर निघाले, हे मी बोटावर मोजून पक्कं करते. मंग कुठं कोण कुठं पडलं, कोण काय बोललं, हे आठवून आमी पोट धरून हसतो. एक जरी माणूस कमी भरलं असतं, तर हेच सगळं पोलीस ठाण्यात लिहून द्यावं लागलं असतं! चार सीझनमधी एवढं साचलं, का कोणाच्या लग्नात गेली तरी लोकं मलेच धरून बसवतात. "ज्योतीताई, ते हापिसवाल्यायचं सांगा ना!"

आधी ओळख करून देते. आमचे मालक गजूभाऊ. त्यायचं अकोल्याले बाळापूर नाक्यावर टायरचं दुकान होतं. साळ्याच्या पोरानं त्यायले एक व्हिडिओ पाठवला. वेस्ट इंडीजकडचं कोणतं तरी बेट, हिरवीगार नदी, अन् लोकं मोठमोठ्या ट्यूबवर पाय लांब करून वाहत चाललेले. गजूभाऊ तवा ट्यूबच्या ढिगावर बसूनच पाहून राह्यले होते. म्हणाले, "च्या मायले! माल तर सगळा आपल्यापाशीच हाये, फक्त नदी पाह्यजे!"

नदी भेटली परतवाड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरच्या धरणाचं पाणी सुटते तवा चार किलोमीटर चांगली धार असते. दोन राफ्ट, वीस ट्यूब, अन् रस्त्यावर बोर्ड: 'कॅरेबियन रिव्हर ॲडव्हेंचर'. खाली बारीक अक्षरात: 'झुणका-भाकर भेटेल.'

गाईड म्हणजे सुकदेव. वरच्या गावातला कोरकू माणूस, याच नदीत लहानाचा मोठा झाला. दिवसातून पाच-सहा वाक्यं बोलते, तेही लागले तर. अन् तिसरी मी. अमरावतीले नऊ वर्षं पोहणं शिकवलं. पण टँकचं एक बरं असते, तळ दिसते. इथं नाई दिसत. म्हणून माहं काम मोजायचं. उतरताना, मधल्या काळ्या खडकापाशी, निघताना अन् गाडीत बसल्यावर. चार वेळा. गजूभाऊ म्हणतात, "ज्योतीले माणसं दिसतच नाईत, आकडेच दिसतात." खरं हाये. काय करू बाप्पा, माहा जीव तसाच हाये.

* * *

पहिल्याच सीझनमधी बार्शीटाकळीची एक फॅमिली आली. आजी, तिचे पोरं, सुना, नातवंडं, जावई, सगळे. मी मोजायले लागली, "एक, दोन, तीन..." तर आजीनं माहा हातच धरला.

"लेकरं मोजू नको व माय! नजर लागते."

मी म्हटलं, "आजी, मोजावंच लागते, नियम हाये." तिनं दोन नातवंडं पदराखाली घेतले अन् बाकीच्यायले म्हणे, "हालत राहा रे, हालत राहा!" आता हालणारे लोकं कसे मोजता? तीनदा मोजले, तीनदा वेगळा आकडा. मले घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, आजी, मी माणसं नाई मोजत, हेल्मेट मोजते. आजीनं विचार केला. "हेल्मेट मोज. त्यायले नजर लागत नाई." एकोणीस हेल्मेट भरले.

पूर्ण चार किलोमीटर आजी राफ्टच्या मधात हात जोडून बसली. निघायच्या जागी मी पुन्हा हेल्मेट मोजायले लागली, तर ती हळूच जवळ आली अन् कानात म्हणे,

"पुरे हायेत व. एकोणीस. मी खडकापाशी पण मोजले होते!"

* * *

मंग ते हापिसवाले. अमरावतीतलं एक सरकारी हापिस पिकनिकले आलं. आठ जण, त्यात एक साहेब. आमची पद्धत अशी, का जड माणसं मधात अन् चपळ माणसं पुढं. पण साहेबाच्या पुढं बसाले कोणी तयारच होईना! शेवटी साहेब सगळ्यात पुढं अन् बाकीचे मागं, नोकरीत जसे लागले त्या नंबरानं. सुकदेवनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, चाल बाप्पा.

दुसऱ्याच वळणावर एक खडक येते. सुकदेव ओरडला, "डावीकडून मारा!" सातही जणायनं वल्हे वर धरले अन् साहेबाकडं पाह्यलं. साहेब खडकाकडं पाहून राह्यले होते.

सुकदेव पुन्हा, "अरे, मारा ना!"

साहेब म्हणे, "बघू."

राफ्ट खडकावर गेली. आठच्या आठ पाण्यात! मी मागच्या राफ्टमधून उडी मारली. छातीभरच पाणी होतं, पण धार होती. एकेकाची कॉलर धरून मोजून राह्यली, पाच, सहा, सात... आठवा कुठं हाये? आठवे बडेबाबू, हापिसातले हेडक्लार्क. राफ्टच्या दोरीले दोन्ही हातानं लटकलेले. पाय जमिनीले टेकून राह्यले होते, पण त्यायले माहीतच नाई. मी ओरडली, "बाबूजी, सोडा दोरी! उभे राहा!"

बडेबाबूनं मान वळवली, "साहेब, सोडू का?"

* * *

पुण्याची एक पार्टी आली होती. त्यातल्या एका मॅडमनं सुकदेवले विचारलं, "दादा, इथे डेप्थ साधारण किती असेल?"

सुकदेवनं पाण्याकडं पाह्यलं, मंग मॅडमकडं पाह्यलं.

"बुडायपुरती हाये."

मॅडम पूर्ण ट्रिप माहा हात धरून बसल्या. बरं, खोटं बोलला असं बी नाई म्हणता येत!

* * *

अकोल्याच्या कॉलेजचे पोट्टे म्हणजे माहं बीपी वाढवणारं गिऱ्हाईक. "आमी पूर्णेत पोहलो मॅडम, आमाले जॅकेट नाई पाह्यजे." मी म्हटलं, जॅकेट नाई तर ट्यूब नाई. घातले मंग तोंड वाकडं करून.

काळ्या खडकापाशी मोजून राह्यली तर समोरून एक जॅकेट वाहत आलं. नुसतं जॅकेट, चारही बक्कल लागलेले, अन् आत माणूस नाई. माह्या तोंडची शिट्टीच पडली. खरं सांगते, त्या दोन मिनिटात मी त्या पोट्ट्याची माय झाली, त्याच्या बापाले फोन काय करू, हे बी मनात बोलून टाकलं. सुकदेव बुडी मारायले निघाला, तेवढ्यात मागून हात मारत मारत तो पोट्टा आला, अन् काय म्हणे,

"मॅडम, धरा धरा! आतमधी माहा फोन हाये!"

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. म्हटलं, "अबे, जॅकेट काहून काढलं?"

"मले पोहता येते ना मॅडम. फोनले नाई येत."

* * *

आता घरची गोष्ट. गजूभाऊले पोहता येत नाई. हे फक्त मले अन् सुकदेवले माहीत. गिऱ्हाईकासमोर ते काठावर उभे राहून असं भाषण देतात, का वाटते यायनं समुद्र पार केला असंन.

एकदा मोर्शीकडचे लोकं अडून बसले. "मालक बसत असंन तर आमी बसतो." भाऊचा चेहरा उतरला. पण बोर्ड लावलेला माणूस, मागं कसा हटन? जॅकेट घातलं, त्याच्यावर दुसरं घातलं. राफ्टच्या मधात बसले, दोन्ही हातानं सुकदेवचा गुडघा धरला अन् डोळे मिटले. ओठ हालून राह्यले होते. मले त्यायचीच काळजी, का हा माणूस इथंच काही होऊन बसते का काय.

पाच मिनिटं झाली. भाऊनं एक डोळा उघडला. "संपलं?"

सुकदेव म्हणे, "भाऊ, दोरी सोडाची हाये अजून."

* * *

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट मी लग्नात सांगत नाई. 

नितीन म्हणून एक जण आला होता, अमरावतीले बँकेत हाये. बायको, दोन पोरं, माय अन् वडील, देवरावजी. नितीननं मले बाजूले घेतलं. म्हणे, "ताई, बाबाकडं लक्ष ठेवजा. यंदा गुडघे दुखतात म्हणून वावर दुसऱ्याले मक्त्यानं देऊन टाकलं अन् त्यायले फ्लॅटवर आणलं. तवापासून बोलूनच नाई राह्यले. जेवा म्हटलं का जेवतात, झोपा म्हटलं का झोपतात. म्हटलं पाण्यात थोडं मन लागन." डोळे भरून आले होते त्याचे. मी म्हटलं, भाऊ, काळजी करू नका, मी मागंच असते त्यायच्या. असं मी कोणाले कधी म्हणत नाई. त्या दिवशी म्हणून गेली.

त्या दिवशी दुसरे लोकं धरून पाण्यात उतरणारे अकरा जण होते. नितीनची माय पाण्यात उतरली नाई, ती गजूभाऊसोबत गाडीनं पुढं गेली, टॉवेल अन् डबा घेऊन. देवरावजीयले मी स्वतः जॅकेट घातलं, नारंगी हेल्मेट बांधलं, ट्यूबवर बसवलं. "बरं वाटते का बाबाजी?" तर म्हणे, "हाव." एवढंच.

काळ्या खडकापाशी अकरा भरले. पुढच्या वळणाआधी एका पोरीची ट्यूब काठच्या झुडपात अडकली. ती रडायले लागली, म्हणून मी थांबली. चार-पाच मिनिटं लागली असतीन. वळण घेऊन पुढं आली, तर देवरावजीची ट्यूब काठाले एकटीच गरगर फिरून राह्यली होती. रिकामी.

मी मोजलं, दहा. पुन्हा मोजलं, दहा. तीन शिट्ट्या मारल्या. सुकदेवनं पुढून मागं पाह्यलं अन् काही न विचारता पाण्यात गेला. वर आला, मान हलवली, पुन्हा गेला. नितीनले समजलं. "बाबा!" करून तोही उतरला. त्याचे पोरं ट्यूबवरूनच "आबा, आबा" ओरडून राह्यले. नऊ वर्षं टँकवर अन् चार वर्षं इथं, माह्या हातून कोणी गेलं नव्हतं. मी पायानं तळ चाचपून राह्यली होती अन् मनात एकच, का पायाले काही लागू नये. आयुष्यात एवढी मी कधी भ्याली नाई.

वॉकीटॉकीवर गजूभाऊ, "काहून थांबले? किती झाले?"

मी बटण दाबलं अन् सोडून देलं.

"ज्योती, बोल ना! नितीनभाऊची माय विचारून राह्यली, आमचे हे कुठवर आले म्हणून. काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, येऊन राह्यले." अन् रडूच आलं.

वीस मिनिटं झाली. सुकदेव पाण्याबाहेर येऊन उभा राह्यला. पाण्याकडं नाई, काठाकडं पाहून राह्यला होता. बोटानं दाखवलं. दरडीवर मातीत ओल्या पायाचे ठसे होते, वर चढत गेलेले. अन् बाजूनं दरडीवरून गढूळ पाण्याची एक धार नदीत उतरून राह्यली होती. धार आमच्यासमोर बारीक होत गेली अन् बंद झाली.

मी हातापायानं दरड चढली. वर कपाशीचं वावर. कुठंतरी मोटर चालू, माणूस कोणी नाई. अन् कपाशीच्या मधात एक नारंगी हेल्मेट, खाली-वर, खाली-वर.

"बाबाजी!"

देवरावजी जॅकेट घालूनच होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात कोणाचं तरी फावडं. मी धावत गेली, काय काय बोलली ते मलेच आठवत नाई. जीव घेता का, पोरगं तिकडं पाण्यात मरून राह्यलं, सांगून तरी जायचं! त्यायनं पूर्ण ऐकून घेतलं.

"ओरडून काहून राह्यली व? कपाशीले पाणी नेणारा दांड फुटला होता. सगळं पाणी नदीत चाललं होतं. दांड बांधला, आता राह्यलेल्या सऱ्यायले पाणी देऊन राह्यलो."

तेवढ्यात नितीन आला. चिखलानं भरलेला, दम लागलेला, ओठ निळे पडलेले. मले वाटलं हा आता बापाच्या गळ्यात तरी पडते, नाई तर भांडते. तो बापाच्या हातातल्या फावड्याकडं पाहत राह्यला.

बापानं त्याच्याकडं पाह्यलं. "आला का? बरं झालं. त्या टोकाले उभा राय. पाणी आलं का आवाज दे, मी इकडून सरीचं तोंड बंद करतो. कपाशी चांगली हाये ह्याची, पण दांड पाहा कसा घातला! रोज पहा लागते बाप्पा. माणूस मोटर लावून गेला जेवाले, असं जमते का?"

 नितीननं मनगटानं नाक पुसलं अन् सरीच्या त्या टोकाले चालत गेला.

वॉकीटॉकी वाजली. गजूभाऊ रडकुंडीले आले होते, "ज्योती, देवासाठी सांग व. किती झाले?"

मी म्हटलं, "अकरा भरले भाऊ. पण निघायले वेळ हाये. दोन सऱ्या राह्यल्या."