मामींचे दोन मिस्ड कॉल

आमच्या कर्जतच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे मामा रिकाम्या खोलीतही एकदम शिरत नसत. दाराशी थबकायचे, कान द्यायचे, मगच आत. "अहो मामा, आत काळं कुत्रंसुद्धा नाही!" म्हटलं की म्हणायचे, "नसंल. पन आदी ऐकावं गं, मंग पाय टाकावा."

आणि माझा प्रकल्प नेमका ऐकण्याचाच! रेडिओलहर ज्याच्या मालकीची, तो गप्प असताना ती आपण वापरायची आणि तो बोलू लागला की मुकाट्यानं बाजूला व्हायचं. हे माझं यंत्र आपणहून ओळखणार होतं. डोंगरापलीकडे, खालापूरच्या अंगाला, एक दगडखाण होती. तिच्या वायरलेसची लहर वापरायची परवानगी मामांनीच मिळवून दिली. फोरमन त्यांच्या गावचा. अट एकच, सुरुंगाच्या इशाऱ्यात लुडबुड नको. "मानसं हायेत गं तिथं," मामांनी तीनदा बजावलं. मी तीनदा "हो हो" केलं. शहाणी ना मी!

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक समोर येऊन बसले. यंत्र म्हणालं, लहर मोकळी. मी ऐटीत संदेश सोडायच्या बटणाकडे हात नेला, आणि मामांनी सरळ वायर उपटली!

मला रडूच कोसळलं. गेलं वर्ष बोंबलत! परीक्षक गरजले, "कोण हो तुम्ही?"

"जरा दम धरा की सायेब," मामा म्हणाले. तेवढ्यात डोंगरापलीकडून धडाम! खिडकीची तावदानं थरथरली. डोंगराच्या आडोशाला माझं यंत्र ठार बहिरं होतं; खाणीतला क्षीण इशारा त्याला ऐकूच आला नव्हता, आणि माझ्या जोरदार संदेशाखाली तो तिथं बुडाला असता.

मग मामांना कसं कळलं? त्यांनी खिशातला फोन दाखवला. मामींचे दोन मिस्ड कॉल, म्हणजे खाणीत सुरुंगाचा इशारा सुरू, ही दोघांची ठरलेली खूण. घर खाणीला लागूनच. ओट्याजवळच्या फळीवर जुना रिसीव्हर लावून मामी दिवसभर खाणीतली भांडणं ऐकायच्या. कोण कोणाला काय बोललं, सगळं तोंडपाठ. "मी म्हनलं, नायतरी ऐकतेस, तर आपल्या पोरीसाठी ऐक," मामा गालात हसले.

परीक्षकही विरघळले. म्हणाले, "दुसरं यंत्र पलीकडे ठेवा, लहर मोकळी की नाही ते दोन्ही यंत्रांना मिळून ठरवू दे. महिन्यानं येतो." ते यंत्र मामींच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी बसलं आणि मी पास झाले.

मामा गेल्या वर्षी गेले. मामींना भेटायला गेले तेव्हा दारातच म्हणाले, "मामी, आपले मामा..."

"गप गं, आदी ऐकू दे." फळीवरचा रिसीव्हर खरखरत होता. फोरमन सुरुंगाचा इशारा देत होता. आम्ही दोघी कान देऊन बसलो. धडाम झालं. तेव्हा कुठे मामींनी पदर डोळ्यांना लावला.

"हां," त्या म्हणाल्या, "आता रडू दोगी."