खोली नंबर दोनची मोहीम

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा समोर आलाच आहे, तर ऐका. मी युद्धनीतीवर लिहून पोट भरतो. जुन्या सेनापतींचे डावपेच आजच्या लढाईत आणि धंद्यात कसे लागू पडतात, हे गुरुग्रामच्या कंपन्यांतल्या साहेबलोकांना शिकवतो. प्रत्यक्षात मात्र एकच लढाई लढलो, दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत.

खरं सांगतो, त्या जुन्या लोकांपुढे मी आजही हात जोडतो. ना उपग्रह, ना फोन, आणि सांगून काय गेलेत! जागा आधी निवडा. रसद सांभाळा. बेत कुणाला कळू देऊ नका. समोरचा सावरायच्या आत तुटून पडा. आज ड्रोन उडवणारा असो की नवा साबण बाजारात आणणारा, याच्या पलीकडे कोण गेलंय?

आमच्या तळमजल्यावरची खोली नंबर दोन म्हणजे हिचं वाचनालय. सुनंदानं ते अकरा वर्षं चालवलं. ती गेल्यापासून मी रोज कुलूप काढतो, पुस्तकं झटकतो, परत कुलूप लावतो. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

एके दिवशी आमचे सेक्रेटरी भाटिया सुताराला घेऊन त्या दाराचं माप घेताना दिसले. मला बघताच टेप खिशात. दोन दिवसांनी जिन्यात विचारतात, "भावे साहब, भाभीजी का पूरा नाम क्या था? रेकॉर्ड के लिए चाहिए." मग सभेची नोटीस लागली. विषय चार, खोली नंबर दोनबाबत ठराव.

तुम्हीच सांगा, कुणीही काय समजेल? हिचं नाव रेकॉर्डमधून पुसायचं, दार मोठं करायचं आणि आत जिम थाटायची.

मी वरच्या मजल्यावरच्या सुभेदार मोऱ्यांना गाठलं. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले.

"भाटियांना सरळ विचारा की," ते म्हणाले.

"शत्रूला विचारून लढाई होते का, सुभेदार?"

"शत्रू कसला, साहेब? परवा माझ्या नातीला शाळेत सोडून आला तो."

"तोच तर कावा आहे."

मोरे गप्प झाले. फौजेत वरिष्ठ असं बोलायला लागला की गप्प बसायची सवय असते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

दहा दिवस मी घरोघरी फिरलो, तेही भाटिया ऑफिसला गेल्यावर. प्रत्येकाला सांगायचं ते एवढंच : "विषय चार आला की विरोधात हात वर. लायब्ररी वाचवायची आहे." कुणी एक प्रश्न विचारेल तर शपथ. "भाभीजी की लाइब्रेरी? बिल्कुल, भाईसाहब." मी थक्क. मनात म्हटलं, काय ही युद्धनीती!

सभेत भाटियांनी कागद उघडला. "विषय चार..." एवढंच म्हणाले, आणि मी उठलो.

"विरोध आहे. मतदान घ्या."

"अरे, पहले सुन तो लीजिए..."

"पहले वोटिंग."

चौतीस हात एकदम वर गेले. समोर उरले भाटिया आणि दोन कमिटीवाले. माझ्या अंगावर काटा आला. असं दृश्य मी आजवर फक्त वाचलं होतं. अध्यक्षांनी ठराव नामंजूर म्हणून जाहीर केला.

भाटियांनी कागद माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, खोली नंबर दोन कायम वाचनालयासाठी राखावी आणि दारावर 'सुनंदा भावे वाचनालय' अशी पाटी लावावी.

"सरप्राइज देना था आपको," ते हळूच म्हणाले.

काही हात अजून वरच होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे हात माझ्या डावपेचांनी वर गेलेच नव्हते. ही माणसं तिच्यासाठी आली होती. इतकी माणसं तिनं कधी जोडली, मला पत्ताच नव्हता. आणि मी त्या सगळ्यांना नेऊन उभं केलं कुठे, तर तिच्याच विरोधात.

मोरे कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, फेरमतदान मागा."

मी मागितलं. अध्यक्ष चाचरत म्हणाले, "भावे साहब, छह महीने रुकना पड़ेगा. नियम है."

नियम होताच. हरलेल्याला लगेच पुन्हा उभं राहू देऊ नये, असं तासभर भाषण करून दोन वर्षांपूर्वी तो मीच पास करून घेतला होता.