शिशाचे दिवस, पाण्याचे दिवस

मी परदेशी निघाले तो नेमका आमच्या कॉलनीतला पाण्याचा दिवस होता. आठव्या दिवशी नळ यायचा, तोही तासभर. रिक्षा दारात उभी, दादा बॅगा चढवतोय आणि आई अंगणातल्या टाकीवर पाईप धरून ओणवी. मी पाया पडायला वाकले तर ओढणी भिजली. "पाईप सोडला तर आठ दिवस काय प्यावं? जा तू, नीट जा," एवढंच म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत मला तिची पाठ दिसत होती. फार राग आला होता तेव्हा.

खरं तर आम्ही शहरात आलो तेच पाण्यापायी. वडील गेले, त्यांच्यामागं आमच्या गावची, देवगाव रंगारीची विहीरही आटली. दादाला वाळूजच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही दोघी त्याच्या मागोमाग आलो. तेव्हा इथं दिवसाआड पाणी होतं. मग पाऊस रुसत गेला, शहर पसरत गेलं, आणि पाण्याचा दिवस लांबतच गेला.

आता मी शिशाच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आदळवते. म्हणजे यंत्र आदळवतं, मी नोंदी तपासते. त्या गाभ्यांच्या पोटात क्वार्क नावाचे कण जन्मभर कोंडलेले असतात. टक्कर झाली की पापणी लवायच्या कितीतरी आधी ते मोकळे होतात आणि लगेच पुन्हा कोंडले जातात. एकटा, सुटा क्वार्क आजवर कुणालाच सापडलेला नाही. मला त्यांची कीव येते, पण हे सेमिनारमध्ये सांगता येत नाही. माझं तरी काय वेगळं आहे? जे शिकले ते करायच्या जागा जगात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि घराजवळ एकही नाही. दोन-दोन वर्षांचं कंत्राट, पुन्हा व्हिसा, पुन्हा भाड्याची खोली. परतायचं तर हे काम कायमचं सोडायचं.

शिशाचा झोत यंत्रात वर्षाअखेरीस जेमतेम काही आठवडे येतो. त्या दिवसांत रजेचं नाव काढायची सोय नाही. पहिल्या वर्षी चुलतबहिणीचं लग्न नेमकं त्यातच आलं. आईला कसं सांगावं, मला कळेना. ती म्हणाली, "व्हय, मंग सोडून कसं येता येईल? आपल्या नळावानीच हाय की." तेव्हापासून ती फोनवर विचारते, "शिसं चालू झालं का गं?" आणि तिच्या पाण्याच्या दिवशी मी फोन करत नाही. माझ्यासारखं घर सोडून गेलेल्या तुम्हा वाचकांना हा समजूतदारपणा वाटेल. मलाही वाटायचा.

यंदा शिसं चालू असताना आई फोनवर फक्त बोलायची, दिसायची नाही. "क्यामेरा बिघडलाय," म्हणायची. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दादानं सांगितलं. टाकीपाशी ओल्या फरशीवर घसरून आईचा पाय मोडला होता. ऑपरेशन झालं, टाके निघाले, ती घरीही आली होती. मी फोनवर तिच्यावर अक्षरशः ओरडले.

"तुझं शिसं चालू होतं," ती म्हणाली. "सांगून तू काय केलं असतं?"

मी आले असते, असं छातीठोकपणे म्हणता येईना. लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचीच भीती वाटली.

दहा दिवसांची रजा मिळाली. माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून माझ्या डोळ्यांसमोर ती टाकीच येते, आणि पाईप सोडून हलता न येणारं एक माणूस. आता तसं माणूस इथंही एक आहे, मी.

तिकीट काढून आईला कळवलं. लई खूश झाली. काय खाशील, कोणाला भेटशील, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "ये. पण या खेपेला पाण्याच्या दिवशी परत निघू नको. काठी घेऊन का व्हईना, मला रिक्षापर्यंत यायचंय."